कानाखालची गाठ: पहिलंच ऑपरेशन नीट व्हावं म्हणून काय काय करायचं

माझ्या मावशीच्या डाव्या कानाखाली जेमतेम दोन बोटं लांबीचा एक जुना व्रण आहे. त्याच्या आजूबाजूला, कातडीखाली, साबुदाण्यापासून वाटाण्याएवढ्या सात-आठ गाठी हाताला लागतात. ती बत्तीस वर्षांची असताना तिथे एकच गाठ होती, सुपारीएवढी. तालुक्याच्या गावी एका दवाखान्यात तिला सांगितलं, ‘चरबीची गाठ आहे, पंधरा मिनिटांचं काम.’ जागा बधिर केली, चीर दिली, गाठ खरवडून काढली, दोन टाके घातले आणि ती चालत घरी आली. काढलेला तुकडा कुठल्याही लॅबला गेला नाही. चौदा वर्षांनी गाठ परत आली, आणि एकटी आली नाही.

मला स्वतःला सहा वर्षांपूर्वी दाढी करताना उजव्या कानाखाली ब्लेड किंचित उचलल्यासारखं वाटलं, तेव्हा मावशीची गोष्ट डोक्यात होती. म्हणून मी घाई केली नाही आणि टाळाटाळही केली नाही. मी डॉक्टर नाही. पण ह्या गाठीच्या बाबतीत कुठल्या टप्प्यावर काय विचारायचं, हे मला नीट कळलंय, आणि तेच इथे लिहितोय.

आधी जागा ओळखा

कानाच्या पुढे आणि खाली, जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत पसरलेली लाळेची सगळ्यात मोठी ग्रंथी म्हणजे पॅरोटिड. गालगुंडात सुजते ती हीच. लाळग्रंथींच्या गाठी मुळात दुर्मीळ, डोकं-मानेतल्या सगळ्या गाठींपैकी साधारण ३ ते ६ टक्के. त्यातल्या सुमारे ८० टक्के पॅरोटिडमध्ये होतात, आणि पॅरोटिडमधल्या गाठींपैकी सुमारे ८० टक्के कॅन्सरच्या नसतात. हे दोन आकडे पहिल्या रात्री झोप लागायला पुरेसे आहेत. जबड्याखालच्या लहान लाळग्रंथीत गाठ असेल तर मात्र कॅन्सरची शक्यता बरीच जास्त धरतात, निम्म्याच्या आसपास. म्हणून गाठ नेमकी कुठे आहे, ह्याला महत्त्व आहे.

आरशापेक्षा घरातल्या माणसाचा उपयोग जास्त. त्याला पाठीमागे उभं करा आणि दोन्ही कानांच्या पाळ्या बघायला सांगा. पॅरोटिडची गाठ बऱ्याचदा एका बाजूची पाळी किंचित वर आणि बाहेर ढकलते, आणि पाळीमागे जबड्याजवळ जी खोबण असते ती भरून येते. मग दोन बोटांनी गाठ हलवून बघा. ती कातडीखाली सरकते का, दुखते का, किती महिन्यांपासून आहे, हे कागदावर लिहा. नाण्याशेजारी फोटो काढून ठेवा. ‘वाढली का हो?’ ह्या प्रश्नाला आपण सगळेच ‘तशी थोडी’ असं उत्तर देतो. फोटो असं उत्तर देत नाही.

जेवताना सूज येते आणि तासाभरात ओसरते, असं असेल तर लाळेच्या नळीत खडा अडकलेला असू शकतो. ताप आहे आणि गाल दोन्हीकडे सुजलेत, तर गालगुंडाचा विचार आधी. आणि आपल्याकडे मानेतली गाठ म्हटली की टीबीची शंका येतेच. ती रास्त आहे, कारण गंडमाळ इथे खरोखर आढळते. पण सुईची तपासणी न करता, नुसत्या अंदाजावर कोणी सहा महिन्यांच्या टीबीच्या गोळ्या सुरू करत असेल तर थांबून कारण विचारा.

पुढच्यापैकी काही दिसलं तर आठवडाभरही काढू नका: गाठीच्या बाजूचा डोळा नीट मिटत नाही किंवा ओठ वाकडा होतो, गाठ आठवड्यांत भराभर वाढली, सतत ठणकते, हलेनाशी झाली किंवा वरची कातडी चिकटली, मानेत आणखी गाठी लागतात. चेहरा वाकडा झाला की आपण ‘वारं लागलं’ म्हणून मोकळे होतो. कानाखाली गाठ असताना चेहरा वाकडा झाला तर तो वाऱ्याचा दोष समजू नका.

शेक, लेप, डाग देणं, चोळणं हे काही करू नका. मोबाइलमुळे ही गाठ होते असंही सिद्ध झालेलं नाही. मला मात्र ओपीडीत पहिला प्रश्न होता, ‘तंबाखू खाता का?’ तोंडाच्या कॅन्सरने आपल्याकडे एवढा धुमाकूळ घातलाय की भिंतीवरची सगळी पोस्टरं त्याचीच होती. लाळग्रंथीच्या नेहमीच्या गाठीचा तंबाखूशी संबंध नाही; सिगरेटशी घट्ट नातं आहे ते वॉर्थिन नावाच्या दुसऱ्या गाठीचं. ती पन्नाशी-साठीच्या पुरुषांत जास्त दिसते आणि कधीकधी दोन्ही बाजूंना होते.

जायचं कोणाकडे

कान-नाक-घशाचे डॉक्टर किंवा हेड-नेक सर्जन. दाताच्या डॉक्टरांकडे गेलात तरी हरकत नाही, ते योग्य ठिकाणी पाठवतात. ‘छोटीशी गाठ आहे, इथेच काढून टाकू’ म्हणणाऱ्याकडे मात्र नाही. कारण सोपं आहे. चेहरा हलवणारी नस कानामागच्या हाडातून एका खोडासारखी बाहेर येते आणि ह्याच ग्रंथीच्या पोटात शिरून आधी दोन आणि मग साधारण पाच फांद्यांत फुटते. शरीरशास्त्रात ह्या फाट्याला हंसाचा पाय म्हणतात. कपाळ, डोळा, गाल, खालचा ओठ आणि मान, प्रत्येकाची फांदी वेगळी. गाठ बहुतेक वेळा ह्या फांद्यांच्या वरच्या थरात असते, कधी खालच्या. खालच्या थरातली गाठ बाहेर दिसतही नाही. घशात टॉन्सिलजवळचा भाग आत ढकललेला दिसतो, एवढंच. ही नस शोधून, डोळ्यासमोर ठेवून काम करणारा माणूस हवा.

तपासण्या, आणि सुईची भीती

सुरुवात सोनोग्राफीने. गाठ ग्रंथीत आहे की बाहेरच्या लसिकाग्रंथीत, एक आहे की अनेक, हे त्यात कळतं. त्यानंतर एफएनएसी, म्हणजे बारीक सुईने गाठीतल्या पेशी ओढून काचपट्टीवर पसरून बघणं. इंजेक्शन घेण्यापेक्षा फार वेगळं वाटत नाही. गाठ सोनोग्राफीखाली बघत सुई घातली तर नेमक्या जागचा नमुना मिळतो, तेव्हा तशी सोय आहे का ते विचारा.

‘सुई लावली की गाठ चिघळते, पसरते’ हे माझ्या घरात तीन जणांनी तीन वेगवेगळ्या नात्यांतून ऐकवलं. बारीक सुईने असं होण्याची भीती नगण्य समजली जाते. खरी भीती आहे ती चीर देऊन गाठीचा तुकडा काढण्याची. पॅरोटिडमध्ये तो मार्ग शक्यतो टाळतात, कारण गाठीचं आवरण फुटून पेशी बाहेर सांडतात. मावशीचं तेच झालं. गाठीचं पातळ कवच फाटलं आणि पेशी डाळिंबाच्या दाण्यांसारख्या विखुरल्या.

एमआरआय प्रत्येकाला लागतोच असं नाही. गाठ मोठी असेल, खोल असेल, परत आलेली असेल किंवा सुईचा रिपोर्ट संशयास्पद असेल तर हवाच. माझ्या सर्जननी तो मागितला तेव्हा मला वाटलं खर्च वाढवतायत. नंतर पडद्यावर दाखवलं, गाठीचा एक कोपरा नसेच्या पातळीच्या खाली उतरला होता. तो आधी दिसल्यामुळे ऑपरेशनचा बेतच बदलला.

सुईचा रिपोर्ट कसा वाचायचा

आता बऱ्याच लॅब ‘मिलान’ पद्धतीने रिपोर्ट देतात. ही पद्धत २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात सहा गट आहेत. पहिला गट म्हणजे पुरेशा पेशीच मिळाल्या नाहीत. ह्याचा अर्थ ‘काही नाही’ असा काढू नका, सुई परत लावायची. दुसरा म्हणजे सूज किंवा जंतुसंसर्ग, गाठ नाही. तिसऱ्यात नक्की सांगता येत नाही. चौथ्याचे दोन भाग आहेत: ४अ म्हणजे साधी गाठ, आणि दुसरा भाग म्हणजे गाठ आहे पण साधी की वाईट हे पेशींवरून ठरत नाही. पाचवा कॅन्सरचा संशय, सहावा कॅन्सर.

बहुतेकांच्या रिपोर्टवर लिहिलेलं असतं ‘प्लिओमॉर्फिक अडेनोमा’. ही सगळ्यात जास्त आढळणारी लाळग्रंथीची गाठ. तिला मिश्र गाठही म्हणतात, कारण सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यात ग्रंथीच्या पेशींबरोबर कूर्चेसारखा भागही दिसतो. कॅन्सर नाही, पण निरुपद्रवीही नाही. दोन खोड्या आहेत हिच्या. अर्धवट काढली तर परत येते. आणि वर्षानुवर्षं तशीच ठेवली तर काहींमध्ये तिचं कॅन्सरमध्ये रूपांतर होतं. पहिल्या पाच वर्षांत हे प्रमाण १-२ टक्के सांगतात, पंधरा वर्षांनंतर १० टक्क्यांच्या आसपास. म्हणून ‘दुखत नाही ना, मग राहू दे’ हा सल्ला चाळिशीच्या माणसाला लागू होत नाही. ऐंशीचे आजोबा, हृदय अशक्त, लहान वॉर्थिन गाठ, अशा वेळी डॉक्टर नुसतं लक्ष ठेवायला सांगू शकतात आणि ते बरोबरच असतं.

सर्जनला काय विचारायचं

मी चिठ्ठीवर लिहून नेलं होतं. आधी जरा लाज वाटली, पण डॉक्टरांनी चिठ्ठी हातात घेऊन एकेक उत्तर दिलं. माझे प्रश्न असे होते. गाठ नसेच्या वर आहे की खाली? ग्रंथीचा किती भाग काढणार? नस शोधून मोकळी करणार का, आणि नसेचा मॉनिटर, म्हणजे ऑपरेशन चालू असताना नसेवर लक्ष ठेवणारं यंत्र, वापरणार का? अशी ऑपरेशनं तुम्ही वर्षाला किती करता? आवरणासकट, भोवतीच्या निरोगी ग्रंथीच्या थरासकट गाठ निघेल ना?

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. नुसती गाठ खरवडून काढण्याची जुनी पद्धत होती तेव्हा २० ते ४५ टक्के लोकांत गाठ परत येत असे. नस वेगळी करून ग्रंथीच्या वरच्या थरासकट गाठ काढायला लागल्यापासून ते प्रमाण काही टक्क्यांवर आलं. निवडक गाठींसाठी आता ग्रंथीचा कमी भाग काढूनही चालतं, पण तिथेही भोवतीचा पातळ थर सोबत घेतातच. आणि परत आलेल्या गाठीचं ऑपरेशन कितीतरी अवघड, कारण जुन्या व्रणात नस चिकटून बसलेली असते. मावशीला तिसऱ्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, ‘ताई, आता काढायला गेलो तर चेहऱ्याला धोका जास्त आहे.’ तिने नको म्हटलं. आता ती दर सहा महिन्यांनी दाखवून येते.

हे ऑपरेशन पूर्ण भूल देऊनच होतं आणि साधारण दोन-तीन तास चालतं. कोणी जागा बधिर करून करतो म्हणालं तर फाइल उचला आणि नमस्कार करा.

पैशांबद्दल थोडक्यात. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. आधार आणि रेशनकार्ड घेऊन ऑपरेशनची तारीख ठरण्यापूर्वी त्यांच्याकडे जा, कारण मंजुरी आधी लागते. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड असेल तर तिथे विचारा. कॅन्सरचा संशय असेल तर परळचं टाटा मेमोरियल आहेच. तिथे जाताना बाहेरच्या लॅबच्या काचपट्ट्या सोबत न्या, तिथले डॉक्टर त्या पुन्हा तपासतात.

ऑपरेशनचा दिवस आणि तो डबा

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आठवडाभर आधीच सांगा, आपल्या मनाने बंद करू नका. चीर कानाच्या पुढून खाली उतरते, पाळीला वळसा घालून मागे जाते आणि मग मानेच्या घडीत येते. वाचून घाबरायला होतं, पण वर्षभरात ती शोधावी लागते.

तीन तासांनंतर ऑपरेशन थिएटरच्या दारातून तिथल्या एक मदतनीस बाई आल्या आणि माझ्या बायकोच्या हातात झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा दिला. आत फॉर्मेलिनमध्ये पिवळट-पांढरा गोळा. ‘हे लॅबला नेऊन द्या.’ आपल्याकडे अनेक ठिकाणी हे काम नातेवाइकांकडेच असतं. तेव्हा हे पाळा: डब्यावर नाव, वय, बाजू आणि तारीख लिहिली आहे का बघा, सोबतच्या फॉर्मवर सर्जनची सही आणि आधीच्या सुईच्या रिपोर्टची प्रत आहे का बघा, गोळा पातळ द्रवात पूर्ण बुडालेला आहे का बघा, आणि त्याच दिवशी नेऊन पावती घ्या. बायकोने तो डबा रिक्षात मांडीवर घेऊन नेला. आजही म्हणते, तुझ्या लग्नातल्या हारापेक्षा तो जास्त जपून नेला.

शुद्धीवर आल्यावर

पहिल्यांदा जे करायला सांगतात त्याला व्यायाम म्हणावं की नक्कल, कळत नाही. कपाळाला आठ्या घाला. डोळे घट्ट मिटा. दात दाखवा. ओठांचा चंबू करा, शिट्टी मारा. प्रत्येक हालचाल म्हणजे नसेच्या एकेका फांदीची हजेरी. माझा डोळा मिटला, शिट्टी मात्र निघाली नाही, आणि हसताना खालचा ओठ एका बाजूला अडला. नस शाबूत असूनही ताण आणि हाताळणीमुळे ती काही काळ सुस्त पडते. चार-पाच जणांमागे एकाला किंवा त्याहून जास्त जणांना असं होतं, आणि बहुतेकांचं काही आठवड्यांत ते सहा महिन्यांत परत येतं. माझं सात आठवड्यांत आलं.

डोळा मिटत नसेल तर ते हलकं घेऊ नका. बुबुळ कोरडं पडून जखम होते. दिवसा डॉक्टरांनी दिलेले अश्रूंसारखे थेंब, रात्री मलम आणि पापणी खाली ओढून चिकटपट्टी, आणि डोळा लाल झाला किंवा टोचायला लागला तर त्याच दिवशी दाखवायचं.

रक्त आणि पाणी जमू नये म्हणून नळी आणि तिला एक डबी लावलेली असते, ती एक-दोन दिवसांत निघते. कानाची पाळी बधिर राहते, कारण तिथली स्पर्शाची नस वाटेतच असते. काही महिने, कधी वर्षभरही. दाढी करताना, कानातलं घालताना, केस वाळवायचं गरम यंत्र वापरताना ते लक्षात ठेवा. मी एकदा पाळीलाच ब्लेड लावलं आणि शर्टावर रक्त दिसेपर्यंत कळलं नाही.

पहिल्या तीन-चार आठवड्यांत जेवताना कानाखाली मऊ फुगवटा येऊ शकतो. उरलेल्या ग्रंथीतून झिरपलेली लाळ तिथे साठते. आंबट, लोणची, चिंच काही दिवस बंद. डॉक्टर सुईने ती काढतात आणि घट्ट पट्टी बांधतात. बहुधा आपोआप थांबतं.

आणि मग, काही महिन्यांनी, जेवताना गालावर घाम. मला ऑफिसात कैरीचं पन्हं पिताना पहिल्यांदा कळलं. उजव्या कानापुढे थेंब ओघळत होते आणि शेजारच्या टेबलावरचा मित्र एसीकडे बघत होता. लाळेच्या ग्रंथीला जाणारे तुटलेले धागे पुन्हा वाढताना वाट चुकून घामाच्या ग्रंथींना जोडले जातात, म्हणून चव लागली की गाल घामेजतो. पोलिश डॉक्टर लुत्सिया फ्रे हिने १९२३ मध्ये ह्याचं वर्णन केलं, तिचंच नाव ह्या त्रासाला आहे. रुमाल पुरतो. फारच त्रास झाला तर बोटॉक्सच्या इंजेक्शनने काही महिने आराम पडतो.

गालावर कापलं असेल तर

ही नस फक्त ऑपरेशनच्या टेबलावरच धोक्यात येते असं नाही. पत्रा, काच, संक्रांतीचा मांजा, अपघात, ह्यांनी गालावर खोल कापलं तर जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरा, आणि टाके घालण्याआधी तीच हजेरी घ्या: कपाळ, डोळा, दात, शिट्टी. बधिर करण्याचं इंजेक्शन दिल्यावर ही तपासणी निरुपयोगी होते. एखादी हालचाल बंद असेल तर ते टाके घालणाऱ्याला मोठ्याने सांगा. तुटलेल्या नसेचं पुढचं टोक विजेच्या हलक्या झटक्याला साधारण ७२ तासच प्रतिसाद देतं, तोवर सर्जनला ते शोधणं सोपं जातं. जखमेतून पाण्यासारखी लाळ येत असेल तर लाळेची नळी कापली असण्याची शक्यता असते. ती नळी गालाच्या आतून, वरच्या दुसऱ्या दाढेसमोर उघडते. वरची कातडी सुबक शिवून घरी पाठवणं हे अशा जखमेवर पुरेसं नाही.

अंतिम रिपोर्ट आणि पुढची वर्षं

डब्याचा रिपोर्ट साधारण आठ-दहा दिवसांत येतो. त्यात तीन गोष्टी शोधा: गाठीचं नाव, आवरण शाबूत आहे की फुटलंय, आणि कापलेल्या कडा गाठीच्या पेशींपासून मोकळ्या आहेत का. सुईच्या रिपोर्टपेक्षा वेगळं नाव आलं तर घाबरून जाऊ नका, सुईने सगळं कळत नाही. कॅन्सरचा एखादा प्रकार निघाला तर त्याची श्रेणी विचारा. काहींना ऑपरेशन पुरतं, काहींना नंतर रेडिएशन लागतं. त्यातला अडेनॉइड सिस्टिक नावाचा प्रकार नसांच्या कडेने सरकतो आणि दहा-पंधरा वर्षांनीही फुफ्फुसात डोकं वर काढू शकतो, म्हणून त्याची तपासणी फार वर्षं चालते.

लॅबमधून मेणाचे ठोकळे (ज्यात गाठीचे तुकडे जपलेले असतात) आणि काचपट्ट्या मागून घ्या आणि कागदांबरोबर ठेवा. पुढे दुसरं मत हवं झालं तर कागदापेक्षा ते ठोकळे कामाला येतात. मावशीच्या बाबतीत असं काहीच नव्हतं, पहिली गाठ कशाची होती हे कुणालाच सांगता आलं नाही.

प्लिओमॉर्फिक अडेनोमा काढल्यावरही उशिरा, अगदी दशकानंतर परत येऊ शकते, त्यामुळे वर्षातून एकदा दाखवायला मी जातो. डॉक्टर दोन बोटांनी व्रणाच्या कडेने चाचपतात, पाळीमागे थांबतात, मग म्हणतात, ‘वाजवा बघू शिट्टी.’ ह्या खेपेला मावशीलाही सोबत नेलं होतं. माझी वाजली, तर ती बाहेरच्या बाकावरून म्हणाली, ‘अरे, दवाखाना आहे हा.’